कोऱ्या नावाचा माणूस

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा, 'सर, इतिहासावर काहीतरी लिहा' एवढेच त्यांनी सांगितले. शाळेचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिला आहे आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला आहे. मी या शाळेत शिकलो, आणि पुढे 1983 ते 2014 अशी 31 वर्षे याच शाळेत इतिहास शिकवला. शिवकाल, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धे हे सगळे तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा ऐकले आहे की पुन्हा ऐकवले तर अंक मिटून ठेवाल. म्हणून आज एका वेगळ्याच माणसाचा इतिहास सांगतो. त्याने कुठले राज्य जिंकले नाही. तो सशाचा, बदकाचा, डुकराचा आणि मांजराचा आवाज काढत असे. त्याचे नाव मेल ब्लँक.

निवृत्तीनंतर नातवाबरोबर बसून कार्टून बघणे हा माझा दुपारचा उद्योग झाला. एकदा त्याने विचारले, "आजोबा, हा ससा खरा नाही, मग बोलतं कोण?" इतिहासाच्या मास्तराला 'माहीत नाही' म्हणणे जड जाते. मी शोधायला बसलो. सशामागे तोच माणूस, बदकामागे तोच, मांजर आणि त्याच्या तावडीतून निसटणारा पिवळा पक्षी या दोघांमागेही तोच. आणखी वाचत गेलो तेव्हा या माणसाच्या गोष्टीत तीन ठिकाणी शाळा भेटली. त्यातल्या पहिल्या ठिकाणी मला माझाच चेहरा दिसला. ते शेवटी सांगेन.

मेलचा जन्म 30 मे 1908 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात गेले. तिथे घराजवळ एका वृद्ध ज्यू जोडप्याचे किराणा दुकान होते. त्यांच्या यिद्दिश वळणाच्या बोलण्याची नक्कल हा त्याचा पहिला धडा. मुलगा अभ्यासात यथातथाच, पण कान विलक्षण तयार. वर्गात आवाज काढून हसवणारा एक मुलगा प्रत्येक तुकडीत असतो. लिंकन हायस्कूलमध्ये तो हा होता.

त्याचे मूळ आडनाव इंग्रजीत 'ब्लँक' असेच होते, शेवटी 'के' अक्षर असलेले. म्हणजे कोरा, रिकामा. ब्लँकने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी की, एका शिक्षिकेने त्याला भर वर्गात ऐकवले, तुझ्या हातून काही व्हायचे नाही, तू तुझ्या नावासारखाच आहेस. सोळाव्या वर्षी त्याने आडनावातले शेवटचे 'के' काढून तिथे 'सी' घातला. उच्चार तोच राहिला, अर्थ मात्र गेला. शाळेची ही पहिली देणगी. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण वर्गातले एक वाक्य टाळण्यासाठी मुलगा स्वतःचे नाव बदलतो, याचा विचार आपण मास्तर मंडळी फारसा करत नाही.

दुसरी देणगी जास्त आनंदाची. शाळेचे लांब वऱ्हांडे मोकळे असले की मेल तिथे एक विचित्र, चढत जाणारे हास्य करी आणि त्याचा प्रतिध्वनी कसा परत येतो ते ऐकत राही. ज्या इमारतीत हा उद्योग चालत असे ती आजही उभी आहे आणि पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचा भाग आहे. शाळेतले हे हास्य पुढे 1940 मध्ये 'वुडी वुडपेकर' या सुतार पक्ष्याला मिळाले आणि जगभर गाजले. ब्लँकने त्या पक्ष्याचे सुरुवातीचे थोडेच चित्रपट केले. नंतर दुसऱ्या स्टुडिओशी करार झाल्याने ते काम सुटले. हास्य मात्र त्याचेच वापरले जात राहिले. 1948 मध्ये तो कोर्टात गेला. स्वामित्वहक्काची नोंद केलेली नव्हती म्हणून निकाल विरुद्ध गेला. पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली. वऱ्हांड्यातल्या हसण्याची किंमत कोर्टात लावायची वेळ येईल असे त्या मुलाला तरी कुठे ठाऊक होते!

आता हा मुलगा पोटाला कसा लागला ते पाहू. तो व्हायोलिन वाजवायला शिकला होता, सूझाफोन नावाचे मोठे पितळी वाद्यही वाजवी. 1927 मध्ये पोर्टलंडच्या केजीडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर 'द हूट आउल्स' या कार्यक्रमात त्याचा आवाज लागला. 1933 मध्ये एस्टेलशी लग्न झाले आणि दोघे मिळून केईएक्स केंद्रावर 'कॉबवेब अँड नट्स' हा कार्यक्रम करू लागले. केंद्र इतर नटांचे पैसे द्यायला तयार नव्हते. मग म्हातारा कोण, पोलीस कोण, शेजारीण कोण? सगळे या दोघांनीच. मेल ब्लँकच्या अष्टपैलूपणाचे सगळे कौतुक करतात, पण त्याचे एक कारण साधे आहे: काटकसर. आपल्याकडे गावच्या नाटकात माणसे कमी पडली की एकच जण पहिल्या अंकात पाटील आणि तिसऱ्यात फौजदार होतो, तसेच हे.

1935 मध्ये हे जोडपे लॉस एंजेलिसला गेले. तिथे लिऑन श्लेसिंगरचा स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्ससाठी व्यंगचित्रपट तयार करत असे. ब्लँक तिथे जाई, आवाज ऐकवू द्या म्हणे, आणि दारावरचा अधिकारी 'आमच्याकडे माणसे पुरेशी आहेत' असे सांगून परत पाठवी. असे दीड वर्ष चालले. तो अधिकारी वारल्यावर त्याच्या जागी आलेल्या ट्रेग ब्राउनने त्याचे ऐकून घेतले. पहिले काम होते दारू प्यायलेल्या बैलाचे, 1937 च्या 'पिकाडोर पोर्की'मध्ये.

याच वर्षी पोर्की या डुकराचा आवाज त्याच्याकडे आला, आणि त्यामागची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी हे काम जो डोहर्टी करत असे. त्याला खरोखरच बोलताना अडखळण्याचा त्रास होता. पोर्कीचे अडखळणे त्यामुळे खरे वाटे, पण ते त्याच्या ताब्यात नव्हते. एका वाक्याला किती फिल्म खर्च होईल सांगता येत नसे. ब्लँकने अडखळणे ठरवून आणले. डुक्कर बोलू लागले तर त्याच्या बोलण्यात हुंकार येतील, असा विचार करून त्याने अडखळण्याला हुंकारांची लय दिली, आणि न जमणारा शब्द सोडून तिसराच शब्द वापरून पोर्कीची सुटका करण्याची युक्ती पक्की केली. त्याच 'पोर्कीज डक हंट'मध्ये डॅफी हे बदक पहिल्यांदा आले. तोही आवाज ब्लँकचाच.

इथे नक्कल आणि अभिनय यांतला फरक कळतो. नकलाकार असलेला आवाज उचलतो. ब्लँकसमोर चित्र असे, आवाज नसे. हे जनावर कसे चालते, दात कसे आहेत, भित्रे आहे की आगाऊ, हे पाहून तो आवाज शोधी. चित्रेही त्यानंतरच हलत, कारण या पद्धतीत संवाद आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रकार त्या बोलण्यावर ओठ आणि हातवारे बसवतात. म्हणजे पडद्यावर जे हलताना दिसते त्याला चाल आवाजाने दिलेली असते.

थोडी यंत्राची मदतही असे. डॅफी बदक आणि सिल्वेस्टर मांजर यांचे थुंकी उडवत बोलणे जवळजवळ एकच आहे. फरक एवढाच की डॅफीचा आवाज मुद्रणानंतर वेगाने वाजवला जाई, त्यामुळे तो वरच्या पट्टीत ऐकू येतो. आपल्या पिढीने तबकडी चुकीच्या वेगावर लावून लता मंगेशकरांचा आवाज चिमणीसारखा करून पाहिला आहे, तेच तंत्र. ट्वीटी पक्ष्याच्या बाबतीतही तेच. पण वेग वाढल्यावर शब्द स्पष्ट राहावेत यासाठी मूळ बोलणे किती सावकाश आणि नेटके हवे, ते ज्याचे त्याला कळे.

1940 मध्ये टेक्स एव्हरीच्या दिग्दर्शनाखाली 'अ वाइल्ड हेअर' आला आणि बग्ज बनी हा ससा जगासमोर उभा राहिला. ब्लँकने त्याला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या वस्त्यांतल्या बोलीचे मिश्रण दिले. बंदूक रोखलेल्या शिकाऱ्यापुढे गाजर चघळत हा ससा निवांतपणे 'काय डॉक्टर, काय चाललंय?' अशा अर्थाचा प्रश्न विचारतो. हे वाक्य एव्हरीने त्याच्या टेक्सासमधल्या शाळेतून आणले होते. तिथली मुले एकमेकांना सर्रास 'डॉक' म्हणत. शाळेची ही तिसरी देणगी, शाळा दुसरी असली तरी. आपण एकमेकांना जसे उगीचच 'काय शेठ' किंवा 'काय साहेब' म्हणायचो, तसेच.

त्या गाजराचीही गंमत आहे. ब्लँकला कच्चे गाजर आवडत नसे. इतर भाज्या चावून पाहिल्या, पण गाजराचा कुरकुर आवाज गाजरच देते. म्हणून चावायचे, मुद्रण थांबवायचे, शेजारच्या बादलीत थुंकायचे आणि पुढचे वाक्य बोलायचे.

1942 मध्ये ट्वीटी, 1945 मध्ये सिल्वेस्टर, योसेमिटी सॅम आणि फ्रेंच ढंगाचा पेपे ल प्यू, 1946 मध्ये बडबड्या कोंबडा फॉगहॉर्न लेगहॉर्न, 1954 मध्ये भोवऱ्यासारखा फिरणारा टास्मानियन डेव्हिल. महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या 'प्रायव्हेट स्नाफू' या शिकवणीपर छोट्या चित्रपटांतला वेंधळा शिपाईसुद्धा तोच. योसेमिटी सॅमच्या आरडाओरड्याने घसा बसे, म्हणून ते काम तो दिवसाच्या शेवटी ठेवी.

याच काळात रेडिओही चालू होता. विनोदी नट जॅक बेनीच्या कार्यक्रमात ब्लँकचे काम काय, तर बेनीच्या तळघरातल्या कार्मायकल नावाच्या अस्वलाचे गुरगुरणे. सहा महिने फक्त गुरगुरल्यावर त्याने एकदा हळूच सांगितले की मला बोलताही येते. बेनी हसला आणि त्याला बोलायची कामे मिळू लागली. बेनीच्या जुनाट मॅक्सवेल गाडीचा आवाज एकदा ऐन वेळी तबकडीवरून लागेना. ब्लँकने माइकसमोर जाऊन खोकणारे, धापा टाकणारे इंजिन तोंडाने उभे केले. तेव्हापासून ती गाडी त्याच्याकडेच आली.

इतिहास सांगायचा तर दोन्ही बाजू सांगाव्यात. पहिली गोष्ट, ब्लँकने काढलेले काही आवाज आज खटकतात. मेक्सिकन, चिनी, जपानी माणसांच्या बोलण्याची टर उडवणे त्या काळच्या अमेरिकी करमणुकीत नेहमीचे होते आणि तो त्याचा भाग होता. दुसरी गोष्ट नावाची. 1940 च्या दशकात त्याने श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही. मग त्याने पडद्यावर नाव मागितले आणि मालकाने ते दिले, कारण त्याला पैसे पडत नव्हते. आवाज देणाऱ्याचे नाव पडद्यावर येणे हे त्या धंद्यात अपूर्व होते. कोरा म्हणून हिणवलेल्या मुलाचे नाव आता प्रत्येक खेळाला झळकू लागले. मात्र ते एकट्याचेच झळकले. शिकारी एल्मर फडचा आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा होता, बायकांच्या अनेक भूमिका बी बेनाडरेट आणि नंतर जून फोरे करत. त्यांची नावे पडद्यावर नसल्याने सगळे आवाज ब्लँकचेच, असा प्रेक्षकांचा समज झाला. 'हजार आवाजांचा माणूस' या बिरुदात इतरांचाही थोडा वाटा आहे, हे विसरू नये.

24 जानेवारी 1961 रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्ड रस्त्यावरच्या एका कुप्रसिद्ध वळणावर त्याच्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसली. दोन्ही पाय आणि कमरेचे हाड मोडले, डोक्याला मार लागला. जवळजवळ दोन आठवडे तो बेशुद्ध होता. घरचे हाका मारत, उत्तर येत नसे. शेवटी एका डॉक्टरने 'मेल' अशी हाक न मारता विचारले, बग्ज बनी, आज कसं वाटतंय? आणि क्षीण आवाजात, पण सशाच्याच आवाजात, उत्तर आले. हा प्रसंग ब्लँक आणि त्याचा मुलगा नोएल दोघेही पुढे सांगत असत. वैद्यकीय अर्थ काय तो डॉक्टरांनी सांगावा. मला एवढेच कळते की ज्याला आपण वरवरची नक्कल म्हणतो ती त्या माणसात फार खोल उतरलेली होती.

त्या वेळी 'द फ्लिंटस्टोन्स' ही मालिका चालू होती आणि त्यातल्या बार्नी रबलचा आवाज ब्लँकचा होता. काही भागांत डॉज बटलरने ते काम सांभाळले. मग ब्लँक प्लॅस्टरमध्ये जखडलेला असतानाच ध्वनिमुद्रणाची यंत्रे त्याच्या पलंगापाशी आणली गेली, आणि उताण्या पडलेल्या माणसाने हसरा बार्नी पुन्हा बोलता केला. नंतर 'द जेटसन्स'मधले खेकसणारे मालक स्पेसली आले. 1988 च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्ये ऐंशीच्या घरातल्या ब्लँकने बग्ज, डॅफी, पोर्की, ट्वीटी आणि सिल्वेस्टर पुन्हा केले. घसा साथ देईना म्हणून योसेमिटी सॅम मात्र दुसऱ्याने केला. 10 जुलै 1989 रोजी तो गेला. हॉलिवूडच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर पोर्की डुक्कर खेळ संपताना म्हणे ते वाक्य कोरले आहे: 'एवढंच, मंडळी!'

आता माझी गोष्ट.

1995 मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले. पुढच्या वर्षी आपल्या गावात मोजक्या घरी केबल होती. नववीतला एक मुलगा शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून ते बघायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकवायचा. त्याला इंग्रजी येत नव्हते. शब्द सगळे बनावट, पण सूर, लय, थांबणे, गाजर चावणे अगदी हुबेहूब. त्याशिवाय एसटीचा कंडक्टर, शाळेच्या घंटेचा टोल, आणि पाठमोरा असताना मी. मला माझाच आवाज ऐकू आला आणि वर्ग हसला. मी त्याला उभे केले आणि म्हणालो, "रिकामा डबा आहेस, म्हणून इतका वाजतोस. तुझ्या हातून काही व्हायचं नाही." मग वर्गाबाहेर काढले.

वर्गाने 'डबा' हे नाव उचलले. ते दहावीपर्यंत त्याला चिकटले. मी ते ऐकत होतो आणि मला त्यात काही वाटत नव्हते. शिस्त लागली असेच वाटले. त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने कधी आवाज काढला नाही. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्याने नावही दिले नाही. तेव्हा मला ते सुधारणेचे लक्षण वाटले होते.

पोर्टलंडच्या त्या शिक्षिकेविषयी वाचताना मी पहिल्यांदा तिच्यावर चिडलो, आणि मग माझा नववीचा वर्ग आठवला. तिचा विद्यार्थी जिंकला म्हणून तिचे वाक्य आज किस्सा झाले आहे. पण अशी वाक्ये ऐकलेले सगळेच मेल ब्लँक होत नाहीत. बहुतेक जण फक्त गप्प होतात, आणि गप्प झालेल्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही. मुलाने त्या वाक्यानंतरही यश मिळवले तर मास्तर निर्दोष ठरतो, असेही नाही.

तो विद्यार्थी 1998 च्या बॅचचा आहे. या मेळाव्याला येणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव मी वाचले आहे. त्याचा व्यवसाय काय आहे तिथे लिहिलेले आहे, पण ते इथे सांगण्याचे कारण नाही. तो काय झाला यावर माझी चूक लहान-मोठी होत नाही. बाळा, त्या दिवशी माझे चुकले. हे मी वर्गात सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर परत घेतो. तुझ्या तुकडीतल्या मित्रांनाही विनंती, ते नाव आता टाकून द्या.

मेळाव्याच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसेन. कार्यक्रम संपल्यावर जमले तर भेट. आणि इतकी वर्षे राहून गेलेली माझी नक्कल अजून येत असेल, तर तीही ऐकव. या वेळी मी पाठमोरा नसेन.